साहेब व्हीसीत आहेत! सरकारी ऑफिसातले तुमचे अनुभव लिहा

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

लाच या विषयावर आपण सगळे बोलून बोलून दमलोय, त्यामुळे इथे लाच नको. मला ती कामं हवीयेत ज्यात कुणी पैसे मागितले नाहीत, कुणी अंगावर आलं नाही, सगळे अगदी गोड बोलले, बसा म्हणाले, आणि तरी काम झालं नाही. माझ्या मते खरा ताप तोच आहे, कारण भांडायचं कुणाशी हेच कळत नाही. खुर्चीवर बसणारे पण इथे असतील, त्यांनी तर नक्कीच लिहा. फक्त ऑफिसचं, गावाचं, माणसाचं नाव नको.

सुरुवात मी करतो. उत्पन्नाच्या दाखल्याला प्रतिज्ञापत्र हवं होतं, ते स्टॅम्प पेपरवर आणा म्हणाले. आता सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ सालापासून माफ आहे, हे मला माहीत होतं आणि तो सरकारी आदेश छापून खिशात पण होता. कारकुनाने तो शांतपणे पूर्ण वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला "बरोबर आहे हो तुमचं, पण हा आम्हाला आलेला नाही." बरं, येणार कुठून, तर वरून. वर म्हणजे कुठे ते त्यालाही माहीत नव्हतं. मुलीच्या फॉर्मची शेवटची तारीख तोंडावर होती, गपचूप स्टॅम्प आणला. तत्त्वासाठी भांडायला हातात वेळ लागतो राव.

बांधावरची

सातबारा. अजून काय लिहू.

वडील गेल्यावर वारस नोंद घालायला गेले तर कळलं की हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर बाबांचं नाव बरोबर आहे पण कॉम्प्युटरच्या सातबाऱ्यावर टाईप करणाऱ्याने एक काना खाल्लाय. म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावरचा माणूस वेगळा आणि जमिनीचा मालक वेगळा! मग जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज, त्याला जुना फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, जोडा, त्याची नक्कल रेकॉर्ड रूममधून काढा, रेकॉर्ड रूमचा माणूस निवडणुकीच्या कामाला गेलेला. तलाठी भाऊसाहेब स्वभावाने खरंच चांगले, मला म्हणाले "ताई चूक आमचीच आहे, पण दुरुस्तीचा अर्ज तुमचाच लागतो." हे वाक्य मी घरी सगळ्यांना म्हणून दाखवते. त्यांच्याकडे शेजारच्या सज्जांचाही, म्हणजे दुसऱ्या तलाठ्यांच्या गावांचाही चार्ज, त्यामुळे ते कुठल्या वारी कुठे बसणार हे दारावर खडूने लिहिलेलं आणि पावसाने अर्धं पुसलेलं. दुरुस्ती झाल्यावर वारसाचा फेरफार धरला, त्याची नोटीस लागली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, हरकत कुणाचीच नाही, आता फक्त मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित करायचं होतं तर त्यांची बदली. नवीन आले त्यांची डिजिटल सही तयार व्हायची होती. तोवर सोसायटीच्या पीककर्जाचा हंगाम निघून गेला, ते कोण भरून देणार?

निरंक

मी खुर्चीवरचा. महसुलात नाही, दुसऱ्या खात्यात, जिल्ह्याच्या ठिकाणी वरिष्ठ सहाय्यक. बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही आत चहा पीत बसतो. चहा पितो, खोटं नाही बोलणार. पण दिवस कशात जातो ते ऐका.

सकाळी येतो तेव्हा ग्रुपवर रात्री अकराला पडलेला मेसेज असतो, "सोबतच्या प्रपत्रात माहिती आज १२ पर्यंत, अति तात्काळ". हीच माहिती गेल्या महिन्यात दिलेली असते पण तेव्हा रकाने नऊ होते आता अकरा आहेत. विभागीय कार्यालयाला वेगळ्या फॉन्टमध्ये हवी, मंत्रालयाला युनिकोडमध्ये. तालुक्याच्या ऑफिसांना फोन करून ती गोळा करायची, त्यातली अर्धी ऑफिसं उचलत नाहीत कारण ते बिचारे दुसऱ्या कुणाची अति तात्काळ माहिती भरत असतात. आणि माहिती नसेल तर? तर निरंक अहवाल द्यायचा. म्हणजे आमच्याकडे या विषयाचं काहीही नाही असं सहीशिक्क्यानिशी कळवायचं. तो नाही दिला तर स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग कारणे दाखवा नोटीस. माझ्या एका सहकाऱ्याला काहीच नसल्याचं वेळेत न कळवल्याबद्दल खुलासा द्यावा लागलाय. माझा आयडी त्यावरूनच घेतलाय.

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की विचारूच नका, तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) आला की बाकी सगळं बंद. तेवढ्यात कुणी म्हातारा अर्ज घेऊन दारात आला की त्याला वाटतं हा माणूस माझ्याकडे बघत पण नाही. बघत नसतो कारण स्क्रीनवर बेरीज जुळत नसते.

आता फाईलचं. मी टिपणी लिहून वर पाठवतो, ती अधीक्षकांकडून साहेबांकडे जाते आणि शेरा येतो "बोलावे". बस, एवढाच. मग मी फाईल बगलेत मारून केबिनच्या बाहेर. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये. व्हीसी संपली तर दौरा. शेवटी भेटले तर म्हणतात "हे आधी कसं केलं होतं?" आधीचं उदाहरण सापडलं तर सही, नाही सापडलं तर "मार्गदर्शन मागवा". मार्गदर्शन मागवलं की फाईल आमच्या ऑफिसातून कायदेशीररीत्या गेली, आता तिचा उशीर आमचा नाही. ज्याने वर मार्गदर्शन मागवलं त्याला कुणी कधी पकडलं नाही. ज्याने स्वतःच्या अधिकारात सही केली आणि पुढे ऑडिटचा आक्षेप निघाला त्याची पेन्शन अडकलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. मग शहाणा माणूस काय करेल?

बांधावरची

@निरंक, पटतंय सगळं, पण तुमच्या आक्षेपाच्या भीतीचं बिल माझ्या शेतात का फाडता?

निरंक

@बांधावरची, याला उत्तर नाही माझ्याकडे.

दुसरा शनिवार

२९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा सांगितलं होतं की रोजची वेळ वाढवलीय म्हणून काम तेवढंच होईल. वाढवलेली वेळ म्हणजे सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. पावणेदहाला जाऊन बघा एकदा. पंखे फिरत असतात, तेवढंच.

फळाखडू

मी प्राथमिक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा. मिस्टरांच्या ऑपरेशनचं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकलं. डिस्चार्ज कार्ड, सगळ्या मूळ पावत्या, डॉक्टरांच्या सह्यांची प्रपत्रं, सगळं मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीत. बरेच दिवसांनी परत आलं, त्रुटी: औषधांच्या पावत्यांवर डॉक्टरांची सही नाही. बरोबर आहे, केली. परत आलं, त्रुटी: खर्चाचा गोषवारा नाही. अहो मग हे पहिल्यांदाच का नाही सांगितलं, कागद तर तेव्हाही तुमच्याच हातात होते ना? एका वेळी एकच चूक काढायची असा नियम आहे का? मग जिल्हा शल्य चिकित्सकांकडून पडताळणी, तिथून मंजूर रक्कम बरीच कमी होऊन आली, ते पण ठीक, निदान मंजूर तरी झालं म्हणून पेढे वाटायच्या बेतात होते तर कळलं "अनुदान उपलब्ध नाही". मंजुरी आहे, पैसे नाहीत. आणि एवढ्यात मला बीएलओची (बूथ लेव्हल ऑफिसर) नोटीस आली, मतदार याद्यांसाठी घरोघरी फिरा. ती मात्र एका दिवसात पोचली बरं का, हातात आणून दिली आणि पोच घेतली.

उत्तरायण

मी निवृत्त, आयुष्यभर आस्थापना शाखेत. दुसऱ्यांच्या पेन्शन केसेस मीच तयार करायचो, त्यामुळे माझी अडकेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. नियमाप्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून कागद तयार करायला घ्यायचे असतात, मी घेतले. वेतन पडताळणी पथकाने सेवापुस्तक उघडलं आणि १९८९ च्या एका वेतनवाढीच्या नोंदीसमोर सही नाही म्हणाले. नोंद आहे, रक्कम बरोबर आहे, शिक्का आहे, सही नाही. ज्यांनी करायची ते साहेब वारले. त्यांच्या जागी आज जे आहेत ते म्हणतात मी त्या वेळी शाळेत होतो, मी कशी करू. युक्तिवाद चुकीचा नाही! मग त्या काळचं वेतन देयक, म्हणजे पगारबिल, शोधा म्हणजे त्यावरून नोंद प्रमाणित करता येईल, आणि ती देयकं ज्या खोलीत होती तिथे आता साहेबांची गाडी लागते. शेवटी तात्पुरतं निवृत्तीवेतन सुरू झालं पण उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, अडकून राहिलं, धाकट्या मुलीचं लग्न त्यावर ठरवलेलं. ज्या पोराला मी टिपणी लिहायला शिकवलं तो माझ्याच फाईलवर "नियमानुसार तपासून सादर" लिहीत होता आणि मला खुर्ची देऊन चहा मागवत होता. राग तरी कसा यावा.

चौथा मजला

उत्तरायणकाका, तुमची देयकं निदान पार्किंगमध्ये गेली. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, त्यात खरोखर खूप कागद गेले आणि माणसंही गेली, त्यावर विनोद नाही. पण नंतर कितीतरी वर्षं आमच्याकडे जिल्ह्याच्या एका ऑफिसात कुठल्याही फाईलबद्दल विचारलं की "ती आगीत गेली". माझी फाईल मुंबईला कधी गेलीच नव्हती!

वैधता

जात पडताळणीचं कुणीच कसं लिहिलं नाही? आम्ही ओबीसी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं, मग चुलत आजोबांचा दाखला, मग त्यांचं आमच्याशी नातं दाखवणारी वंशावळ, त्याचं प्रतिज्ञापत्र. हे सगळं मोठ्या मुलाच्या वेळी केलं, वैधता मिळाली. दोन वर्षांनी धाकट्याची वेळ आली. मला वाटलं सख्खा भाऊ आहे, त्याचं सर्टिफिकेट लावलं की झालं. लावलं, पण बाकीचा पूर्ण संच परत मागितला, तोच वाळवीचा दाखला, तेच चुलत आजोबा. आणि तो संच त्यांच्याच ऑफिसात मोठ्याच्या फाईलला लावलेला आहे, मी कपाट बोटाने दाखवलं. एकाच आईबापाची दोन मुलं, एकाची जात सिद्ध, दुसऱ्याची चौकशी चालू. सीईटीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर घरात जे वातावरण असतं ते ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल.

राइनकाठ

जर्मनीतून. इथे सगळं घड्याळासारखं चालतं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसला नूतनीकरणासाठी लिहिलं, अपॉइंटमेंटच मिळेना. मेलला उत्तर पोस्टाने येतं, कागदी पत्र. शेवटी तुमचा अर्ज विचाराधीन आहे तोवर जुना परवाना चालू समजावा असा एक हंगामी कागद दिला, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, ते म्हणेपर्यंत मुदत संपते. त्यावर आईला भेटायला भारतात यायची हिंमत होईना, परत येताना विमानतळावर कुणी अडवलं तर? फरक एवढाच की इथे चहा पण विचारत नाहीत.

पोचपावती

रडून झालं असेल तर थोडं कामाचं. दोन कायदे लक्षात ठेवा, दोन्ही आपल्याच राज्याचे. एक २००५ चा, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्यात कलम १० आहे, एका कर्मचाऱ्याकडे फाईल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसरा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा, दाखले आणि अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत, नाही मिळालं तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग, आणि दोषी धरलं तर पाचशे ते पाच हजार दंड. मी नुसता अर्जाखाली "कलम १० नुसार" असा उल्लेख केला तरी फाईल हललीय. नाहीच हलली तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकायचा आणि एकच विचारायचं, माझा अर्ज कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुणाच्या टेबलावर होता. का होता असं नाही विचारायचं, "का" ला उत्तर देत नाहीत.

दुसरा शनिवार

@पोचपावती, त्यावर पण उपाय निघालाय. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्रुटी काढतात आणि अर्ज परत पाठवतात. नवीन अर्ज, नवीन मुदत. माझ्या बायकोच्या दाखल्याला हेच झालं. कागदावर त्यांचं काम शंभर टक्के वेळेत.

निरंक

हे होतं, नाकारत नाही. डॅशबोर्डवर लाल दिसलं की साहेबांना वरून फोन येतो, म्हणून लाल व्हायच्या आत कसंही करून निकाली काढायचं. त्यामुळे ऑनलाईन भरलंत तरी एक प्रत हातात घेऊन आवक शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, नंबर, तारीख घ्या. मग तो नंबर घेऊन आधी साहेबांकडे जाऊ नका, ज्याचं टेबल आहे त्या लिपिकाकडे जा, कारण टिपणी तोच लिहिणार आहे आणि त्रुटीही तोच काढणार आहे. त्याला सरळ विचारा, अजून काय काय लागेल ते सगळं एकदम सांगा, आणि तो सांगेल ते त्याच्यासमोर त्या प्रतीवरच लिहून घ्या. सोमवारी येऊ नका, टपालाचा ढीग असतो. मार्चमध्ये येऊ नका. आणि अधिवेशन चालू असेल तर हात जोडतो, अजिबात येऊ नका.