धूळ नेमकी उठते कुठून? आणि हबूब (भिंतीसारखं येणारं धुळीचं वादळ) समोर आला तर गाडी कुठे थांबवायची?

प्रश्न
वाळवंटात वाळूच्या एवढ्या टेकड्या असतात, तरी लांबवर जाणारी धूळ मुख्यतः कोरड्या सरोवरांच्या तळातून उठते असं वाचलं. का? आणि हबूबची भिंत समोर दिसली तर गाडी चालवणाऱ्याने काय करावं?

प्रतिसाद १
वाळूचा कण जड. वारा उचलतो, कण पडतो, पुन्हा उडतो. त्यामुळे निव्वळ वाळूचं वादळ जमिनीलगतच राहतं. ०.०२ मिमीहून बारीक धूळ मात्र हवेत कित्येक दिवस तरंगते.

खरी गोम पुढे आहे. इतकी बारीक धूळ वाऱ्याला थेट उचलता येत नाही, कारण हे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. सगळ्यात सहज उडतो तो ०.१ मिमीच्या आसपासचा कण. तो खाली आपटला की त्या दणक्याने धूळ सुटते. म्हणजे आपटणारी वाळू हवी आणि फुटणारा गाळही हवा. टेकड्यांमधली बारीक माती वाऱ्याने कधीच वाहून नेलेली असते. तळात गाळ शिल्लक असतो. आफ्रिकेतल्या चाड देशातलं बोडेले बघा: जुन्या विशाल सरोवराचा तळ, डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा हलका गाळ, आणि तिबेस्ती व एनेडी या डोंगरांमधून जोरात घुसणारा ईशान्येचा वारा.

प्रतिसाद २
यात पापुद्र्याचा मुद्दा जोडतो. पावसानंतर वाळलेल्या मातीवर कडक थर धरतो आणि तो टिकला तर चांगला वारासुद्धा फार धूळ काढू शकत नाही. गाड्यांची चाकं, गुरांचे खूर यांनी तो फुटला की तीच जमीन त्याच वाऱ्यात धुमसते. म्हणून रस्ता सोडून कुठेही गाडी घालणं मला गंभीर वाटतं.

प्रतिसाद ३
हबूबबद्दल. गडगडाटी ढगातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो, हवा थंड आणि जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर पसरते आणि पुढे धूळ ढकलते. भिंत एक किलोमीटरहून उंच असू शकते.

भिंतीत शिरू नका. रस्त्यावरून पूर्ण बाहेर, जमेल तितकं लांब थांबा. हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर सगळे बंद. हँडब्रेक ओढा आणि ब्रेकवरचा पाय काढा, नाहीतर मागचा लाल दिवा पेटलेला राहतो. मागून येणारा त्या दिव्याला चालती गाडी समजून त्याच्या मागे येतो आणि थेट धडकतो. सीटबेल्ट लावलेलाच ठेवा, काचा बंद, एसी आतल्या हवेवर.

बाहेर पडायला जागाच नसेल तर उलट: दिवे चालू, वेग अगदी कमी, मधूनमधून हॉर्न, नजर रस्त्यावरच्या पट्ट्यावर.

प्रश्नकर्ता
किती वेळ थांबायचं? आदल्या दिवशी अंदाज मिळतो का?

प्रतिसाद ३
बहुधा काही मिनिटं ते दोन-तीन तास. नेमका ढग कुठे फुटेल हे आदल्या दिवशी सांगणं अवघड, त्यामुळे इशारा थोडाच आधी मिळतो. इराक आणि आखातातला शमाल वेगळा: तो वायव्येचा वारा कित्येक दिवस चालतो, त्याचा अंदाज बराच आधी येतो. हबूबनंतर पाऊस आला तर काचेवर चिखल होतो. कोरडे वायपर फिरवू नका, ओरखडे पडतात. आधी पाणी मारा.