‘कॉर्डियल’ नेमका कुठे वापरायचा?

बँकवाली: आमच्या नव्या साहेबांबद्दल मेलमध्ये ‘ही इज व्हेरी कॉर्डियल विथ कस्टमर्स’ असं लिहिलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, सरळ ‘फ्रेंडली’ लिही ना! फरक काय? रोजच्या वाक्यात चालतो का हा शब्द?

निवृत्त मास्तर: वाक्य चोख आहे, खोडू नका. फ्रेंडली माणूस खांद्यावर हात टाकतो. कॉर्डियल माणूस हसून ‘बसा, चहा घेणार?’ म्हणतो आणि मग कामाचं बोलतो. आपुलकी आहे, पण सलगी नाही. म्हणून व्याही, शेजारी, वरिष्ठ यांना तो शोभतो. घटस्फोटानंतरही बोलणं नीट असेल तर ‘वी आर स्टिल कॉर्डियल’ म्हणतात. मात्र ‘माय वाइफ इज कॉर्डियल टू मी’ म्हणालात, तर लोक विचारतील, घरी सगळं ठीक ना? देशांनाही चालतो: १९०४ चा ब्रिटन-फ्रान्स समझोता ‘आँतांत कॉर्दियाल’ म्हणूनच ओळखला जातो.

सरबतप्रेमी: मग बाटलीतलं लाइम कॉर्डियल?

निवृत्त मास्तर: एकच घराणं! लॅटिन ‘कॉर’ म्हणजे हृदय. पूर्वी हृदयाला उभारी देणाऱ्या औषधी पेयाला कॉर्डियल म्हणत.

बँकवाली: म्हणजे पत्रिकेवरचं ‘कॉर्डियली इन्व्हाइट’ म्हणजे आपलं ‘सस्नेह निमंत्रण’?

निवृत्त मास्तर: तेच. आणि गंमत बघा, ‘दे कॉर्डियली डिसलाइक ईच अदर’ हेही शुद्ध इंग्रजी. एकमेकांना अगदी मनापासून पाण्यात पाहतात!