दक्षिण गोव्यात शांत रिसॉर्ट कोणतं?

डिसेंबरात लग्नाला २५ वर्षं होतायत. यांना फक्त लाटांचा आवाज हवाय. गेल्या खेपेला 'सी-व्ह्यू' खोलीतून माडांमागे बोटभर निळं दिसलं, आणि खाली रात्रभर कुणाच्या तरी लग्नाचा डीजे! आगोंद की बाणावली?

– आगोंद, ताई. तिथे कासवं अंडी घालतात, त्यामुळे गोंगाट कमी. पंचतारांकितच हवं तर मात्र बाणावली-वार्का-मोबोर पट्टा. विमान दाबोळीचं घ्या, मोपा पार उत्तरेला.

– आधी थेट फोन करून विचारा, त्या तारखांना लग्न आहे का? उत्तर ईमेलवर घ्या. आणि खोली एका रात्रीला ७,५०० रुपयांच्या वर गेली की १८ टक्के जीएसटी, तो धरूनच हिशोब करा.

– केला फोन. एकीकडे दोन लग्नं! आगोंदच ठरलं. यांना अजून भाडं सांगितलेलं नाही.