मदत हवी आहे: बारा वर्षांच्या कुत्र्याच्या गुदग्रंथी वारंवार भरतात, शस्त्रक्रिया करावी का?

नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. आमचा मोती बारा वर्षांचा आहे. पॉमेरेनियन म्हणून आणला होता, पण अंगापिंडाने तो आपल्याकडचा स्पिट्झच निघाला. वजन सात किलोच्या आत असायला हवे, ते आज नऊ किलो आहे, आणि त्यात आईच्या हातच्या तूप लावलेल्या पोळीचा वाटा मोठा आहे.

दिवाळीनंतर तो फरशीवर बूड घासत सरकू लागला. जंत झाले असतील या समजुतीने आम्ही दोनदा जंताचे औषध दिले. त्याचा उपयोग झाला नाही. मग एका रात्री तो सतरंजीवरून उठला तेव्हा मागे रुपयाएवढा तपकिरी डाग राहिला आणि खराब झालेल्या सुकटीसारखा वास खोलीभर पसरला. डॉक्टरांनी सांगितले की गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळाच्या चार आणि आठ या आकड्यांच्या जागी, त्वचेखाली दोन लहान पिशव्या असतात. शौच घट्ट झाली की तिच्या दाबाने त्यांतला स्राव थोडा थोडा बाहेर पडतो, आणि शौच वरचेवर सैल होत असेल किंवा कुत्रा स्थूल असेल, तर तो आतच साठून दाट होतो.

तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी आम्ही ग्रंथी पिळून आणतो. मार्चमध्ये डावीकडे बोराएवढी लाल सूज आली, ती फुटली आणि पू व रक्त वाहिले. प्रतिजैविके आणि दहा दिवस गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर, एवढ्यावर जखम भरली. पण डाव्या बाजूला अजूनही थोडे टणक लागते.

आता दोन्ही ग्रंथी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला आहे. मला भूल आणि वय यांची काळजी आहेच, पण त्याहून अधिक भीती ही आहे की या पिशव्या गुदद्वार आवळणाऱ्या स्नायूंमध्येच असल्यामुळे तिथल्या नसांना इजा झाली, तर त्याचा शौचावरचा ताबा जाईल. या वयात कोणी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे का? त्यासाठी कसारा घाट उतरून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाणे योग्य ठरेल का? बाकी त्याची तब्येत ठीक आहे. हल्ली पाणी जास्त पितो, पण यंदा एप्रिलमध्येच पारा चाळिशीला टेकला आहे, तेव्हा त्यात विशेष काही नसावे.

प्रतिसाद १

आपण शेवटच्या वाक्यात जे सहज लिहून टाकले आहे, माझ्या मते आधी त्याचाच शोध घ्यावा. वयस्क कुत्रा, एकाच बाजूचा टणकपणा आणि वाढलेली तहान या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुदग्रंथीच्या कर्करोगाची शंका दूर करून घ्यावी लागते, कारण त्यात अनेकदा रक्तातले कॅल्शियम वाढते आणि कुत्रा पाणी व लघवी दोन्ही जास्त करतो. मोतीला तेच झाले आहे असे मी म्हणत नाही. गळू भरल्यानंतरही जागा जाड राहते, आणि तहान मूत्रपिंडाच्या दुखण्याने किंवा मधुमेहानेही वाढते. पण डॉक्टरांना हातमोजा घालून आत बोट घालून तपासायला सांगावे आणि रक्तात कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) व साखर पाहून घ्यावी. भूल देण्याआधी रक्ततपासणी करावी लागणारच आहे. नाशिकचे घर आहे म्हणून विचारते, हंगामात त्याला द्राक्षे तर कोणी देत नाही ना? ती कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

गाठ निघाली, तर शस्त्रक्रियेचा प्रश्न वेगळ्या पातळीवर जाईल आणि मग परळचा प्रवास सार्थकी लागेल. न निघाल्यास घाई नको. भुलीखाली ग्रंथी आतून धुऊन औषध भरण्याचा मधला मार्ग आहे.

प्रतिसाद २

पिळण्याविषयी थोडे. त्रास नसताना केवळ तारीख आली म्हणून पिळू नये. सारखे दाबल्यानेही तिथे सूज येते. घरी करणार असाल तर आधी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, आणि ग्रंथी लाल किंवा दुखरी असेल तेव्हा हातही लावू नका. अशा वेळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटे शेकावे आणि दवाखाना गाठावा. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नये. शौच घट्ट राहावी म्हणून उकडलेला लाल भोपळा, मीठ न घालता, दोन चमचे. किंवा अर्धा चमचा इसबगोल भरपूर पाण्यात भिजवून. आणि ती पोळी बंद करावी.

मूळ लेखक, सहा दिवसांनी

दोघांचेही मनापासून आभार. कॅल्शियम १०.१ आले, म्हणजे मर्यादेत आहे. साखरही ठीक आहे. क्रिएटिनिन मात्र किंचित वाढलेले आहे, त्यामुळे तहानेचे कारण बहुधा तिथे असावे, आणि महिन्याभराने लघवीसह पुन्हा तपासणी आहे. द्राक्षांविषयी विचारले तेव्हा आई गप्प बसली, त्यावरून मी समजलो.

आतून तपासल्यावर गाठ लागली नाही. डावी पिशवी सुकलेल्या शाडूसारख्या दाट स्रावाने भरली होती. ती हलकी भूल देऊन धुतली आणि दोन दिवसांपासून बूड घासणे थांबले आहे. शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलली आहे. भोपळा तो आनंदाने खातो, पण इसबगोल घातलेला भात वास घेऊन तसाच सोडतो. त्यावर कोणाकडे काही युक्ती असल्यास कृपया सांगावी.