मदत हवी आहे: वहिनीचा ताप, हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्गाची शंका, औषध थांबवून रक्तच का काढतात?

नमस्कार मंडळी. आम्ही केज तालुक्यातले. वहिनीला (वय 38) साडेतीन आठवड्यांपासून दिवस कलला की थंडी वाजून ताप चढतो, घाम येऊन उतरतो. गावात विडाल (टायफॉइडसाठीची रक्ततपासणी) काढली, टायफॉइड म्हणून सलाईन, इंजेक्शनं झाली. पाच दिवस बरं, की पुन्हा तेच. अशा दोन फेऱ्या झाल्या.

लहानपणी तिचे सांधे सुजायचे, तेव्हाच झडप खराब झाल्याचं सांगितलं होतं. दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन लग्नानंतर सुटलं. हे गावात आम्ही बोललोच नाही. लातूरच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि आधी तेच विचारलं. नखाखालच्या बारीक तांबड्या रेघा दाखवल्या. मला वाटलं होतं, कापूस वेचताना बोंडाचं टोक लागलं असेल. टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडप जाड दिसते, पण वर जंतूंचा गोळा आहे की नाही ते नक्की कळेना. आता दाखल करून अँटिबायोटिक बंद, तीनदा रक्त घेतलं, उद्या घशातून नळी घालून एको. दादा वैतागलाय: "अंगात रक्त नाही अन् हे बाटल्या भरायलेत, औषध तर देईनात." त्याला काय सांगू?

लॅबवाला_नांदेड: दादांना सांगा, तीन वेळचं मिळून साधारण 60 मिली होतं, रक्तदानात 350 जातं. ते बाटलीत ठेवून जंतू उगवतो का बघतात, त्यालाच कल्चर म्हणतात. वेगवेगळ्या जागेहून घेतात कारण कातडीवरचा जंतू चुकून एखाद्या बाटलीत शिरतो. तोच जंतू तिन्हीकडे उगवला तर तो रक्तातलाच. खरी अडचण आधीच्या इंजेक्शनांची आहे. त्यांनी जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि मग बाटलीत उगवत नाहीत. म्हणून पेशंट स्थिर असेल तर डॉक्टर काही दिवस थांबतात. दम लागला, तोंड वाकडं झालं, शुद्ध हरपली तर मात्र थांबत नाहीत, रक्त घेऊन लगेच औषध चालू. हा निर्णय त्यांचाच, घरच्यांनी परस्पर गोळ्या बंद करायच्या नाहीत. आणि एका विडालवर टायफॉइड ठरवणं… जाऊ द्या, रोज बघतो.

पैठणकर: मामांचा घशातून एको झालाय. सहा तास उपाशी, घशात बधिर करायचा फवारा, मळमळलं थोडं. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, त्यामुळे बरगड्या आणि फुप्फुस आड येत नाहीत. साध्या एकोत न दिसलेला गोळा तिथे दिसला. डॉक्टर ड्यूकचे निकष लावतात (1994 चे, 2023 मध्ये सुधारलेले): कल्चर आणि एको हे मोठे, ताप, आधीचा झडपेचा दोष, नखाखालच्या रेघांसारख्या खुणा हे छोटे. दोन मोठे, किंवा एक मोठा अन् तीन छोटे जमले की निदान पक्कं. मामांना पुढे सहा आठवडे शिरेतून औषध होतं, तेवढी सोय बघून ठेवा.

धागाकर्ता: आभार. दादा जरा शांत झालाय. एकोत गोळा दिसला. कल्चरमध्ये तिसऱ्या दिवशीही काही उगवलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का, कच्चं दूध पिता का? दोन महिन्यांमागं आमची गाय गाभडली होती, वार वहिनीनंच उचलली होती. ते ऐकून लगेच ब्रुसेलाची (गुरांकडून माणसाला लागणाऱ्या जंतूची) वेगळी तपासणी पाठवली. हा जंतू बाटलीत फार सावकाश उगवतो म्हणे. आता गायीचं रक्त तपासायला कुणाकडे न्यावं, गुरांच्या दवाखान्यात होतं का? तोवर दूध उकळूनच घेतोय.