बॅटरी बदलल्यापासून रेंज नाही, वायफाय मात्र व्यवस्थित

मुळाकाठ:
अँड्रॉइड फोन आहे. दुकानात बॅटरी बदलून आणली, तेव्हापासून घरात ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ दिसतं. वायफाय, ब्लूटूथ ठीक. नेटवर्क सेटिंग रीसेट करून झालं. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये चालतं. बोर्ड गेला असं समजायचं का?

रेंजवाला:
इतक्यात नको. आधी *#06# लावा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिसत नसेल किंवा सगळी शून्यं असतील, आणि ‘अबाउट फोन’मध्ये बेसबँडपुढे (फोनचा नेटवर्क सांभाळणारा भाग) ‘अननोन’ असेल, तर बोर्डाचं काम. दोन्ही नीट असतील तर सिग्नलचा आकडा बघा (तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला): अबाउट फोन, स्टेटस, सिम स्टेटस. तिथे नसेल तर *#*#4636#*#*. तेच सिम, त्याच जागी उभं राहून, दोन्ही फोनमध्ये. स्क्रीनवरच्या सिग्नलच्या कांड्यांवर जाऊ नका, त्या प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने दाखवते.

मुळाकाठ:
आयएमईआय आणि बेसबँड दोन्ही दिसतात. माझ्या फोनवर उणे 119, दुसऱ्यावर उणे 91. टॉवरजवळ गेलं की उणे 97 येतो आणि कॉलही लागतो.

सोल्डर:
मग बोर्ड बहुधा शाबूत आहे, अँटेना वायर बघा. 28 डेसिबलचा फरक म्हणजे फोनला सिग्नल सहाशेपट कमी मिळतोय. सेटिंगमुळे एवढी घट होत नाही.

बहुतेक फोनमध्ये नेटवर्कची मुख्य अँटेना खाली, चार्जिंग बोर्डाच्या बाजूला असते. तिथून एक बारीक कोअॅक्सियल वायर (मधे तार, भोवती धातूचं आवरण) बॅटरीच्या कडेने वर मेन बोर्डाला जाते. बॅटरी उचकटताना तिचं टोक निघतं, अर्धवट बसतं, नाहीतर वायर नव्या बॅटरीखाली चेपते. वायफायची अँटेना सहसा वरच्या बाजूला वेगळी असते, म्हणून ते चालू राहिलं.

फोन बंद करा, सिम ट्रे काढा, मागचं कव्हर गरम करून उघडा आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. वायरचं गोल टोक सॉकेटवर बरोबर मधोमध ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने सरळ खाली दाबा, ‘टिक’ असं बसतं. तिरकं दाबलं तर सॉकेटमधली पिन वाकते आणि पाच मिनिटांचं काम सोल्डरिंगवर जातं. टोक बसलेलंच असेल तर वायर दोन्हीकडून काढून मल्टिमीटर लावा: मधला बिंदू ते मधला बिंदू जवळपास शून्य ओहम, बाहेरची कडी ते कडी तसंच, पण मधला ते कडी अजिबात जोड नको. तो जोड दाखवला तर वायर चेपून शॉर्ट झालीय, बदला. नवी त्याच मॉडेलची आणि तेवढ्याच लांबीची घ्या.

रेंजवाला:
स्क्रूही मोजा. कित्येक फोनमध्ये अँटेना प्लास्टिकच्या फ्रेमवर असते आणि बोर्डावरच्या स्प्रिंग पट्ट्यांना ती स्क्रूच्या दाबानेच टेकते. खालचा एक स्क्रू राहिला तरी रेंज पडते.

हेच लक्षण असून आकडा दुसऱ्या फोनइतकाच येत असेल, तर मात्र सेटिंगकडे वळा. जिओच्या सिमवर नेटवर्क मोड 2जी/3जी राहिला असेल तर काहीच मिळणार नाही, कारण त्यांच्याकडे 4जी आणि 5जीच आहे.

मुळाकाठ:
कव्हर घरी उघडू का?

सोल्डर:
नको. बॅटरी नुकतीच बदललीय, त्याच दुकानात न्या. दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट दाखवा, ‘अँटेना वायर तपासा’ एवढंच सांगा. कव्हर चिकटवण्याआधी त्यांच्यासमोरच सिम घालून आकडा बघा. दुसऱ्या फोनच्या पाच-सहा डेसिबलच्या आत आला तरच गम लावू द्या.