मदत हवी आहे: कमोडोर ६४ आणि पीसी मोडेमने जोडले, पण अक्षरं भलतीच दिसतात

धागाकर्ता

एका बाजूला कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक (यूजर पोर्टवर आरएस-२३२ म्हणजे सिरियल जोडणीचा लेव्हल कन्व्हर्टर, पुढे मोडेम). दुसऱ्या बाजूला विंडोज पीसी, त्यावर पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम, आणि यूएसबी-सिरियलवर दुसरा मोडेम. मध्ये ईपीएबीएक्सची (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजची) दोन एक्स्टेन्शन. ३०० बॉड, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडण्याचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट. पुटीत कॅरेक्टर सेट सीपी४३७ (डॉसच्या काळातला अक्षरतक्ता). कनेक्ट लगेच होतं, लाइन टिकते. पण:

– पीसीवरून पाठवलेली स्मॉल अक्षरं कमोडोरवर चित्रचिन्हं होऊन येतात. कमोडोर आणि शिफ्ट या कळा एकत्र दाबल्या की अक्षरं येतात, पण कॅपिटलचं स्मॉल आणि स्मॉलचं कॅपिटल होऊन.
– कमोडोरवर शिफ्टशिवाय टाइप केलेलं पीसीवर कॅपिटल येतं. शिफ्टसह केलं तर आडव्या-उभ्या रेघा.
– पीसीवर सगळ्या ओळी एकावर एक छापल्या जातात.
– पुटीत स्वतः टाइप केलेलं दिसतच नाही.

कमोडोरवर बेसिकमधला छोटा टर्मिनल प्रोग्रॅम आहे: गेट# ने आलेलं अक्षर वाचून प्रिंट, एवढंच. मोडेम बदलून पाहू का?

सिरियलवाला

मोडेम बदलू नका. आधी एक चाचणी: दोन्हीकडून ० ते ९ हे आकडे पाठवा. दोन्ही यंत्रांत आकड्यांचे कोड एकच आहेत (४८ ते ५७), त्यामुळे दोष लाइन-सेटिंगचा की अक्षरतक्त्याचा, ते लगेच कळतं. फक्त १, २, ४, ७, ८ बिघडले तर पाठवणारी बाजू ७ बिट आणि ईव्हन पॅरिटीवर आहे: या आकड्यांच्या कोडमध्ये १ असलेल्या बिटांची संख्या विषम, म्हणून पॅरिटीचा बिट चढतो आणि ८ बिटवाला तो अक्षराचाच भाग समजतो. ०, ३, ५, ६, ९ बिघडले तर ऑड पॅरिटी.

धागाकर्ता

दोन्हीकडून दहाही आकडे बरोबर आले.

जुनी यंत्रं

मग दोष पेट्स्कीचा, म्हणजे कमोडोरच्या स्वतःच्या अक्षरतक्त्याचा. पीसीवरचा नेहमीचा तक्ता आस्की, तो कमोडोर वापरत नाही. त्याच्याकडे ६५–९० ही स्मॉल अक्षरं (स्मॉल-कॅपिटल मोडमध्ये) आणि १९३–२१८ ही कॅपिटल. पीसीच्या आस्कीत ६५–९० कॅपिटल, ९७–१२२ स्मॉल. १९३ च्या पुढे सीपी४३७ मध्ये चौकटीच्या रेघा आहेत, त्याच तुम्हाला दिसताहेत.

सुरुवातीला सीएचआर$(१४) प्रिंट करून स्मॉल-कॅपिटल मोड लावा. मग कोड असे बदला.

पीसीकडून कमोडोरवर येताना: ६५–९० मध्ये १२८ मिळवा. ९७–१२२ मधून ३२ वजा करा. ८ आणि १२७ दोन्ही २० (कमोडोरचा डिलीट) करा, कारण पुटीची बॅकस्पेस मूळ सेटिंगमध्ये १२७ पाठवते. १३ (सीआर, ओळीच्या सुरुवातीला जा) तसाच. १० (एलएफ, खालच्या ओळीवर जा) टाकून द्या.

कमोडोरकडून पीसीवर जाताना: ६५–९० मध्ये ३२ मिळवा, १९३–२१८ मधून १२८ वजा करा. २० आला तर ८, ३२, ८ असे तीन पाठवा; नुसत्या ८ ने पुटीचा कर्सर मागे जातो, अक्षर पुसलं जात नाही.

हे सगळं एका अ‍ॅरेत भरून ठेवा, प्रत्येक अक्षराला इफ लावत बसलात तर बेसिक मागे पडेल. आणि आरएस-२३२ चं ओपन अ‍ॅरे भरण्याच्या आधी करा. ते ओपन मेमरीच्या वरच्या टोकाला २५६ बाइटचे दोन बफर घेतं आणि त्या वेळी सगळी व्हेरिएबल पुसली जातात. इथे बरेच जण फसतात.

सिरियलवाला

ओळींचं सोपं आहे. कमोडोर ओळीच्या शेवटी फक्त १३ पाठवतो, पीसीला १० पण लागतो. पुटीच्या टर्मिनल पानावर ‘इम्प्लिसिट एलएफ इन एव्हरी सीआर’ टिक करा. तिथेच लोकल एको ‘फोर्स ऑन’, लाइन एडिटिंग ‘फोर्स ऑफ’. दोन्ही टोकं टर्मिनल असल्यावर अक्षर परत पाठवणारं कुणीच नसतं. आलेलं अक्षर परत पाठवण्याची सोय दोन्हीकडे मात्र करू नका, एकच अक्षर फिरत राहील.

ओळी ३९ अक्षरांतच तोडा. चाळिसावं अक्षर छापताच कमोडोरचा कर्सर खाली उतरतो, आणि त्यावर १३ आला की एक ओळ कोरी सुटते.

धागाकर्ता

छान चाललं! दोन गोष्टी राहिल्या. अवतरणचिन्ह आल्यावर कंट्रोल कोड चालत नाहीत, उलट्या रंगाची चिन्हं उमटतात. आणि पीसीवर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या चालणारी पद्धत) करून मराठी ओळ पेस्ट केली तर कमोडोरचा स्क्रीनच साफ झाला.

जुनी यंत्रं

पहिलं म्हणजे कोट मोड. ३४ (अवतरणचिन्ह) छापला की पुढचे कंट्रोल कोड, रिटर्न आणि डिलीट सोडून, चालण्याऐवजी छापले जातात. प्रत्येक प्रिंटनंतर पोक २१२,० द्या.

दुसरं: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड तीन बाइटचा. ‘ओ’चे बाइट २२४, १६४, १४७, आणि कमोडोरला १४७ म्हणजे स्क्रीन साफ करा. इंग्रजी मजकुरातली वळणदार चिन्हंही अशीच त्रास देतात. उघडणाऱ्या दुहेरी अवतरणाचा शेवटचा बाइट १५६, त्याने पुढची अक्षरं जांभळी होतात. वळणदार अपॉस्ट्रॉफीचा १५३, त्याने फिकट हिरवी. येणाऱ्या अ‍ॅरेत १२८ पासून पुढच्या सगळ्या जागा आणि ३२ च्या खालच्या, ८ व १३ सोडून, शून्य ठेवा. शून्य निघालं तर प्रिंट वगळा.